मार्श केव्हचा मुकुट: दोन खेपांचा हिशेब

फायनल फँटसी या व्हिडिओ गेमचा पहिला भाग नवखे लोक अर्ध्यावर सोडतात ते बहुतेक एकाच ठिकाणी: एल्फलँड गावाच्या नैऋत्येला असलेली मार्श केव्ह. तोवर खेळ तसा प्रेमाने वागलेला असतो. गारलंड हा पहिला मोठा शत्रू मेलेला असतो, समुद्री चाच्यांकडून जहाज मिळालेलं असतं. मग या दलदलीतल्या गुहेत माणूस शिरतो आणि तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी चौघंही आडवे होतात. शेवटचा सेव्ह असतो गावातल्या खाणावळीतला, म्हणजे दीड तास पाण्यात.

इथले आकडे मूळ आवृत्तीचे आहेत. ती जपानमध्ये १९८७ साली फॅमिकॉमवर आणि अमेरिकेत १९९० साली एनईएसवर आली. नंतरच्या आवृत्त्यांत बरंच काही सोपं झालं आहे, त्याचं शेवटी बघू.

या गुहेचं कोडं लढाईचं नाही, सामानाचं आहे. आत सेव्ह करता येत नाही. मेलेल्याला उठवणारी वस्तू या आवृत्तीत नाहीच. उठवायचं ते गावच्या क्लिनिकमध्ये पैसे भरून, किंवा पाचव्या पातळीच्या लाइफ मंत्राने, जो या टप्प्यावर कुठल्याच दुकानात मिळत नाही. बाहेर काढणारे वॉर्प आणि एक्झिट हे मंत्रही पुढचेच. म्हणजे जितकं आत गेलात तितकंच चालत परत यायचं, आणि परतीच्या वाटेवर शत्रू सूट देत नाहीत. म्हणून गुहेच्या तळाशी असलेला मुकुट, ज्याच्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, तो एका दमात आणायचा हट्ट सोडा. दोन खेपा करा: पहिली नकाशा आणि पेट्यांसाठी, दुसरी फक्त मुकुटासाठी. उघडलेली पेटी उघडीच राहते आणि तिच्यातला माल तुमचाच, त्यामुळे पहिली खेप कधी वाया जात नाही.

आधी बाजार

एल्फलँडमध्ये पोचलात की सगळे पैसे तलवारीवर उडवू नका. सिल्व्हर सोर्ड ही तलवार ४००० गिलला (गिल म्हणजे खेळातलं चलन) मिळते आणि ती घ्यावीच, पण या क्रमाने:

हील पोशन ५० नग, ६० गिलप्रमाणे ३०००.
विष उतरवणारं प्युअर पोशन १० नग, ७५ प्रमाणे ७५०.
तंबू ३, ७५ प्रमाणे २२५.
ब्लॅक मेजला (हल्ल्याचे मंत्र टाकणारा) फायर-२ हा आगीचा मंत्र आणि व्हाइट मेजला (बरं करणारा) क्युअर-२, प्रत्येकी १५००.
पुढच्या फायटरला आयर्न आर्मर, ८००.

बेरीज ७७७५. सिल्व्हर सोर्ड धरली तर ११,७७५. दुकानदार एका वेळी एकच पोशन देतो. पन्नास पोशन म्हणजे तेच बटण पन्नासदा दाबणं, आणि कंटाळून लोक वीसवर थांबतात. गुहेत मरणाऱ्यांतले निम्मे इथेच मेलेले असतात.

आयर्न आर्मर का, ते आकड्यांत बघा. शत्रूच्या एका फटक्याचं नुकसान साधारण त्याच्या हल्ल्याच्या आकड्यापासून दुपटीपर्यंत असतं, आणि त्यातून तुमच्या चिलखताची शोषणशक्ती वजा होते. मुकुटाच्या पहारेकऱ्यांचा हल्ला ३० आहे, म्हणजे एक फटका ३० ते ६०. कापडी पोशाख त्यातला फक्त १ शोषतो, कोनेरिया या सुरुवातीच्या गावातली ८० गिलची चेन आर्मर १५ आणि आयर्न आर्मर २४. म्हणजे ज्या फटक्याने कापडवाला ५९ पर्यंत गमावतो, त्याच फटक्यात आयर्नवाल्याचे फार तर ३६ जातात. एकामागून एक पाचसहा फटके पडले की हाच फरक जगण्यामरण्याचा होतो.

चौघांची रांगही इथेच लावून घ्या. सगळ्यात वरच्या पात्रावर निम्मे हल्ले येतात, दुसऱ्यावर पाव, उरलेला पाव खालच्या दोघांत वाटला जातो. फायटर वर, त्याखाली दुसरा लढवय्या, तळाला दोन्ही मेज. नव्या माणसाने फायटर, फायटर किंवा ब्लॅक बेल्ट, व्हाइट मेज आणि ब्लॅक मेज अशीच पार्टी घ्यावी. चोर या आवृत्तीत फारसा कामाचा नाही.

काही मंत्रांवर पैसे घालवू नका. टेम्पर आणि सेबर हे ताकद वाढवणारे मंत्र मूळ आवृत्तीत बगमुळे काहीच करत नाहीत. मंत्र म्हटला जातो, ओळ दिसते, आकडा तोच राहतो. तलवारींची विशिष्ट शत्रूंवरची खास शक्तीसुद्धा अशीच कागदावर आहे. फटके वाढवणारा फास्ट मात्र चालतो आणि जबरदस्त चालतो. चौथ्या पातळीचा आहे, ४००० गिल. मार्श केव्हसाठी परवडला नाही तरी पुढे घ्यायचाच.

लेव्हल ८ ते १० असेल तर चालेल. त्याखाली असाल तर जहाजाने प्रवोका गावाच्या ईशान्येला भूमीचं जे टोक आहे तिथे जा. खेळाचा नकाशा शत्रूंच्या हिशेबाने ८ बाय ८ अशा ६४ चौकोनांत कापलेला आहे आणि त्या टोकाचा तुकडा चुकून पुढच्या भागाच्या चौकोनात गेला आहे. त्यामुळे तिथे ट्रोल आणि झोंबुल भेटतात. एका झोंबुलमागे १०५० अनुभवगुण, चौघांत वाटून प्रत्येकी २६२. झोंबुल आगीला घाबरतो. फायर संपले की पळा आणि जहाजाजवळच राहा, कारण दोन झोंबुल एकदम आले तर कच्ची पार्टी जागीच संपते.

पहिली खेप

गुहेच्या तोंडापर्यंत चालत जाण्यातही पोशन जातात. ते जाऊ देऊ नका. दारापाशी, बाहेरच्या नकाशावरच, तंबू वापरा. प्रत्येकाला ३० एचपी (जीवशक्तीचे गुण) मिळतात आणि खेळ सेव्ह होतो. मंत्र परत येत नाहीत, म्हणून वाटेतल्या लढाया तलवारीनेच उरका. कॉटेज, म्हणजे खेळातलं ३००० गिलचं हाऊस, मंत्रही भरून देतं, पण त्यात एक खोड आहे: ते आधी सेव्ह करतं आणि मंत्र नंतर भरतं. मेलात आणि पुन्हा सुरू केलंत तर एचपी भरलेले आणि मंत्र रिकामे मिळतात. उपाय सोपा आहे. हाऊस वापरल्यावर लगेच एक तंबू लावा, म्हणजे भरलेले मंत्र सेव्ह होतात.

आत शिरताना गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. पहिल्या मजल्यावर वाट फुटते आणि खाली जाणारे दोन वेगळे जिने आहेत. एका जिन्याखाली पेट्या आहेत आणि वाट तिथेच संपते. दुसऱ्याखाली आणखी एक जिना आहे, आणि त्याखाली मुकुटाचा मजला. ओळखायची खूण हीच: उतरल्यावर पुढे खाली जाणारा जिना सापडत नसेल तर तुम्ही पेट्यांच्या फाट्यात आहात. पहिल्या खेपेला हाच फाटा पूर्ण करा. दुसऱ्या फाट्याचा जिना सापडला की वहीत खूण करा आणि शक्ती असेल तरच खाली डोकवा.

शेवटच्या मजल्यावर चकवा लागतो, तो खोल्यांमुळे. एकसारख्या खोल्यांच्या रांगा आहेत. बऱ्याच रिकाम्या, काही कुलूपबंद. कुलूपबंद खोल्यांसमोर उभं राहून वेळ घालवू नका. त्यांना मिस्टिक की लागते आणि ती मिळण्यासाठी आधी हाच मुकुट न्यावा लागतो. प्रत्येक रिकाम्या खोलीवर वहीत काट मारा. काट न मारता फिरणारा माणूस त्याच रिकाम्या खोलीत तिसऱ्यांदा जातो, आणि वाटेत दर वेळी लढतो.

आता शत्रू. सगळ्यांची यादी द्यायची गरज नाही, जीव खाणारे तीनच.

क्रॉल हे अळीसारखं काहीतरी आहे. त्याचा एक फटका जेमतेम १ चा, पण तो एका हल्ल्यात आठ फटके मारतो आणि प्रत्येकाने लकवा भरवू शकतो. चार क्रॉल आले आणि तुमचे दोन्ही फायटर लुळे पडले की पुढच्या तीनचार फेऱ्या बसून बघायच्या. क्रॉलवर मंत्र खर्च करायला कचरू नका. प्रत्येकाचे एचपी ८४.

स्कम हा चिखलाचा गोळा. त्याचे एचपी फक्त २४, पण बचाव २५५. त्यावर तलवार जवळजवळ चालतच नाही, बहुतेक फटके १ वर थांबतात, आणि तो प्रत्येक स्पर्शाने विष चढवतो. पहिल्या पातळीचा साधा फायर मंत्र टाका, किंवा सरळ पळा. अशाच चेहऱ्याचा पण वेगळ्या रंगाचा मक आहे. त्याचा बचाव ७, तलवारीने मरतो आणि विजेला तर फारच लवकर. चित्र बघून ठरवू नका, डावीकडच्या चौकटीतलं नाव वाचा.

विषाचा हिशेब शिकून घ्या. विष चढलेला माणूस दर पावलाला १ एचपी गमावतो. एक हील पोशन ३० एचपी देतं आणि ६० गिलचं आहे, प्युअर ७५ चं. म्हणजे ३७ पावलांपेक्षा कमी वाट उरली असेल तर प्युअर वाया, विष अंगावर घेऊन चालत सुटा. जास्त उरली असेल तर लगेच प्युअर पाजा. पहिल्या खेपेत बहुतेक वेळा जास्तच उरलेली असते.

परत कधी फिरायचं? पन्नास पोशनमधली पंचवीस उरली की फिरायचं. समोर पेटी दिसत असली तरी. ती पेटी कुठे पळून जात नाही.

दुसरी खेप, मुकुट

एल्फलँडला परत या, झोपा, पोशन पुन्हा पन्नासवर आणा, दारात तंबू लावा. या वेळी फाटे नाहीत, पेट्या नाहीत. वहीतल्या वाटेने सरळ शेवटच्या मजल्यावर. वाटेत फायर-२ एकदाही वापरू नका, ते मोजकेच आहेत आणि सगळे मुकुटाच्या खोलीसाठी आहेत.

मुकुटाच्या पेटीसमोरची फरशी ही सापळ्याची फरशी आहे. तिच्यावर पाऊल पडलं की विझार्डांची टोळी येते, चारपर्यंत. नावात विझार्ड असलं तरी हे मंत्र टाकत नाहीत, निव्वळ मारतात. प्रत्येकाचे एचपी ८४. खोलीत शिरायच्या आधी मेनूत जाऊन चौघांचेही एचपी काठोकाठ भरा, पोशनचा लोभ करू नका.

पहिल्या फेरीत ब्लॅक मेज फायर-२, व्हाइट मेज वरच्या फायटरवर बचाव वाढवणारा फॉग, दोन्ही लढवय्ये एकाच विझार्डवर. इथे मूळ आवृत्तीचा सगळ्यात चिडवणारा नियम येतो. आज्ञा फेरीच्या सुरुवातीला द्यायच्या, आणि ज्याच्यावर हल्ला ठरवला तो आधीच मेला तर तुमचा फटका दुसऱ्याकडे वळत नाही. पडद्यावर ‘इनइफेक्टिव्ह’ येतं आणि वार हवेत जातो. म्हणून वहीत प्रत्येक विझार्डच्या नावाखाली नुकसान लिहीत जा.

समजा फायर-२ ने एकाचे ४०, दुसऱ्याचे ३५ गेले आणि पहिल्यावर तुमच्या फायटरने आणखी २८ मारले. पहिल्याकडे ८४ मधले १६ उरले. आता त्याच्यावर दोघांना सोडणं म्हणजे एकाचा वार फुकट. एकाला त्याच्यावर आणि दुसऱ्याला ४९ उरलेल्यावर सोडा. चारही विझार्डांचं असं गणित ठेवलं की लढाई एकदोन फेऱ्यांनी लवकर संपते, आणि त्या एकदोन फेऱ्यांतच मेज मरत असतो.

जिंकलात की लगेच, एक पाऊलही न हलता, पेटी उघडा. ती फरशी दर वेळी नव्याने सापळा लावते. बाजूला होऊन पुन्हा आलात तर विझार्ड पुन्हा. हाच प्रकार उलट वापरून काही लोक इथे अनुभवगुण गोळा करतात, विझार्डमागे २७६ मिळतात. पण नवख्याने मुकुट खिशात आला की वाट धरावी.

मुकुट घेऊन पश्चिमेकडच्या पडक्या किल्ल्यातल्या राजाकडे जायचं असतं. थेट जाऊ नका. आधी गावात झोपा, सामान भरा, मग किल्ल्याबाहेर तंबू लावून आत जा. तो राजा म्हणजे वेशांतर केलेला अॅस्टॉस आहे. मुकुट दिसताच तो लढायला उठतो आणि पहिलाच मंत्र टाकतो रब, ज्याने तुमचा एक माणूस एका झटक्यात मरू शकतो. उपाय म्हणजे वेग. त्याचे एचपी १६८च आहेत, सगळ्यांनी त्याच्यावरच तुटून पडायचं, दोन-तीन फेऱ्यांत संपतो. एखादा मेला तरी लढाई जिंकल्यावर एल्फलँडच्या क्लिनिकमध्ये उठवता येतो.

त्याच्याकडचा क्रिस्टल मतोया या चेटकिणीला, तिचं औषध एल्फ राजकुमाराला, आणि जागा झालेला राजकुमार मिस्टिक की देतो. किल्ली हातात आली की लगेच सगळ्या कुलूपबंद खोल्यांची फेरी मारा: कोनेरियाचा किल्ला, टेंपल ऑफ फीन्ड्स, अॅस्टॉसचा किल्ला, ड्वार्फची गुहा, आणि हो, मार्श केव्हसुद्धा. कोनेरियातलं टीएनटी ड्वार्फ नेरिकला दिलं की कालवा फुटतो आणि जहाज बाहेर पडतं.

अर्थ केव्ह

ही मेलमंडजवळ आहे, आणि मेलमंडमध्ये वस्तूंचं दुकानच नाही. पोशनची खरेदी कालवा ओलांडण्याआधी एल्फलँडमध्येच करा, ६० ते ७०. ८०० गिलची सॉफ्ट पोशन दोनतीन तरी हवीत, कारण इथे कॉकट्राइस भेटतो. एचपी फक्त ५०, पण चोचीचा स्पर्श माणसाला दगड करतो. सॉफ्ट लढाई चालू असताना वापरता येत नाही, लढाई संपल्यावरच. म्हणून कॉकट्राइस दिसला की त्याला सगळ्यात आधी मारा, बाकीचे नंतर.

पहिल्या मजल्यावर पश्चिमेला जायंटांचा दालनासारखा एक रस्ता आहे. तिथे दर पावलाला ठरलेली लढाई, जायंट आणि कधी बरोबर इग्वाना. जायंटचे एचपी २४०, अनुभवगुण ८७९. चुकून शिरलेल्यासाठी हा मृत्यू आहे, मुद्दाम आलेल्यासाठी अनुभवगुण गोळा करायची उत्तम जागा. चुकून शिरला असाल तर पुढे जाऊ नका, ज्या पावलांनी आलात त्यांनीच परत फिरा. काही पेट्यांसमोर अर्थ एलिमेंटल बसवलेला आहे, २८८ एचपी. त्यालाही आग सोसत नाही.

दोन खेपांचा नियम इथे खेळच तुमच्यावर लादतो. पहिल्या खेपेत तिसऱ्या मजल्यावरच्या व्हँपायरला मारून मागचा माणिक घ्यायचा. व्हँपायरचे एचपी १५६, फायर-२ पुढे टिकत नाही. माणिक टायटनला खाऊ घातला की त्याच्या बोगद्यातून सार्दा या ऋषीकडे जाता येतं, तो काठी देतो, आणि त्या काठीने व्हँपायरच्या खोलीमागची शिळा सरकते. पहिल्याच खेपेत पुढे वाट का नाही म्हणून भिंती चाचपत बसू नका.

तळाला या गुहेचा मुख्य शत्रू, लिच. एचपी ४००. पहिल्या फेरीत वरच्या फायटरवर फास्ट, दुसऱ्या फेरीत दुसऱ्यावर, व्हाइट मेजकडून हार्म-२, कारण लिच मेलेल्यांतला आहे आणि हा मंत्र अशांवरच चालतो. फास्टने फटक्यांची संख्या दुप्पट होते. फास्ट लागला की लिच फार काळ उभा राहत नाही, आणि नसेल तर ही लढाई कंटाळवाणी होऊन शेवटी हरता.

आइस केव्ह, थोडक्यात

लिचनंतर क्रेसेंट लेकचे ऋषी होडी देतात. पुढच्या ज्वालामुखीच्या गुहेआधी आइस केव्ह करायला हरकत नाही, कारण तिथली फ्लोटर नावाची वस्तू एअरशिप, म्हणजे उडतं जहाज, मिळवून देते. पण इथे रांग, चिलखत, पोशन यांचा फारसा उपयोग होत नाही. सॉर्सररचा स्पर्श जीव घेतो, मेज नावाचा शत्रू रब टाकतो, फ्रॉस्ट ड्रॅगनचा एकच श्वास चौघांना गारद करतो. हे तिघं दिसले की पळा, पहिल्या फेरीपासून, आणि चौघांनाही पळायचीच आज्ञा द्या. दोघं लढणार, दोघं पळणार असं केलं की ना धड पळणं होतं ना लढणं.

या गुहेत जमिनीला भोकं आहेत आणि काहींतून खाली पडायचंच असतं. फ्लोटरच्या पेटीसमोर आय आहे, एचपी १६२. दिसायला भीतिदायक, एका मंत्राने मारू शकतो, पण त्याच्या आधी तुमची पाळी आली तर एकाच फेरीत मरतो, आणि अनुभवगुण ३२२५ देतो. दोन फास्ट आणि दोन फायटर हेच त्यावर औषध. फ्लोटर मिळाला की मागे चालत जाण्याऐवजी भोकातून खाली उतरणं बाहेर पडायला जवळ पडतं.

नवी आवृत्ती खेळत असाल तर

२००४ साली गेमबॉय अॅडव्हान्सवर आलेल्या आवृत्तीत फिनिक्स डाउन आहे, म्हणजे मेलेल्याला जागीच उठवता येतं. २०२१ च्या पिक्सल रिमास्टरमध्ये आतले नकाशे पडद्यावर दिसतात आणि वार हवेत जात नाही. २०२३ साली कन्सोलवर आलेल्या त्याच आवृत्तीत वाटेतल्या लढाया बंदही करता येतात. तिथे वरचे पोशनचे आकडे निम्मे करा. क्रम आणि रांग मात्र तीच ठेवा.

आइस केव्हमधला फ्लोटर क्रेसेंट लेकच्या दक्षिणेच्या वाळवंटात वापरा, एअरशिप तिथेच वर येते. ती फक्त गवताळ मैदानात उतरते. जंगल, डोंगर, दलदल, कुठेही बटण दाबलंत तरी काही होत नाही, आणि ती बिघडलेली नसते.